क्रिएटिनिन चांगलं आहे, मग बायोप्सी कशाला?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो. चार वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी मीच दिली. त्यांचं वय ४६. महापेला एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहेत, शिफ्ट ड्यूटी असते. आतापर्यंत सगळं छान चाललं होतं. गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत लघवीत अल्ब्युमिन २+ आलं. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं, तर प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो १.४ आला. रक्तातलं क्रिएटिनिन मात्र १.३ आहे, आधी १.२ असायचं. अंगावर सूज नाही, लघवीला थोडा फेस येतो एवढंच. डॉक्टर म्हणाले बायोप्सी करून बघू. मिस्टर म्हणतात, क्रिएटिनिन चांगलं आहे तर धडधाकट किडनीला सुई कशाला टोचायची? सासूबाईंनी डाळ, अंडी, पनीर सगळं बंद केलंय. दिरांनी गावाहून गुळवेलीचा काढा पाठवलाय. मिस्टरांच्या ओळखीचे एक पेशंट म्हणतात, टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू करा, प्रोटीन थांबतं. मिस्टरांच्या स्वतःच्या किडन्या कशाने गेल्या तेही कधी नीट कळलं नाही. सापडलं तेव्हा दोन्ही आकसलेल्या होत्या, बीपीमुळे असेल म्हणाले. हल्ली त्यांचे हात थरथरतात. कंपनीत सगळ्यांसमोर मोजमापाचा व्हर्नियर हातात धरायला लाज वाटते म्हणतात. गोळ्या वेळेवर घेतो असं सांगतात, पण महिन्याच्या शेवटी पाकिटात दहा-बारा गोळ्या उरलेल्या मला दिसतात. एक विचारू का? मी दिलेल्या किडनीतच काही दोष होता का? रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही.
– एक वाचक, ऐरोली

ताई, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी घेते. तो मनात घर करून बसला असेल तर बाकीचं तुम्हाला नीट वाचताही येणार नाही.

तुमच्या किडनीत दोष नव्हता. किडनी देण्याआधी तुमच्या काय काय तपासण्या झाल्या ते आठवा. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून दिली असेल, बीपी पुन्हा पुन्हा मोजलं असेल, साखर, सीटी अँजिओग्राफी, प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारा डीटीपीए स्कॅन. देणाऱ्याच्या लघवीत ठळक प्रोटीन सापडलं तर सर्जन ती किडनी घेतच नाहीत. नातं कितीही जवळचं असो, घरचे कितीही विनवण्या करोत. शिवाय चार वर्षं क्रिएटिनिन १.२ वर ठेवून त्या किडनीने स्वतःची साक्ष स्वतःच दिली आहे. जे काही बदललंय ते तिथे गेल्यानंतर बदललंय. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती, त्यांचं बीपी, त्यांची साखर, त्यांची औषधं, किंवा ज्या आजाराने त्यांच्या मूळ किडन्या नेल्या तोच आजार, यांपैकी कशाने तरी. तुमच्याकडून जे जायचं ते उत्तमच गेलं होतं.

आता मिस्टरांचा मुद्दा. ‘क्रिएटिनिन चांगलं आहे’ हे वाक्य मी ओपीडीत इतक्यांदा ऐकते की त्यावर जरा सविस्तर लिहिते. हे त्यांनाही वाचायला द्या. क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनीचं गाळणं कमी झालं की तो वाढतो.

एका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्त त्यांतून जातं, पाणी आणि टाकाऊ पदार्थ बाहेर पडतात आणि प्रोटीन आतच राहतं. गाळण्यांच्या भिंतीला इजा झाली की प्रोटीन पाझरायला लागतं. हे पाझरणं सुरू होतं तेव्हा गाळण्या अजून काम करत असतात, म्हणून क्रिएटिनिन जागेवरच दिसतं. पुढे काही गाळण्या कायमच्या बंद पडतात. उरलेल्या जास्त राबून काही काळ भार उचलतात, तोपर्यंतही क्रिएटिनिन फारसं हलत नाही. ते डोळ्यांत भरण्याइतकं वाढतं तेव्हा बऱ्याच गाळण्या वण होऊन गेलेल्या असतात आणि गेलेली गाळणी कुठल्याच औषधाने परत येत नाही. म्हणजे या प्रकारच्या आजारांत लघवी आधी बोलते आणि रक्त मागाहून. तुमच्या डॉक्टरांनी लघवीचं ऐकून बायोप्सी सुचवली, हे अगदी योग्य वेळी केलं. क्रिएटिनिन १.३ असताना केलेल्या बायोप्सीतून जे कळेल त्यावर काहीतरी करता येईल. २.८ झाल्यावर केली तरी उत्तर मिळेल, पण तेव्हा त्या उत्तराचा उपयोग फार कमी उरलेला असेल.

आकड्यांबद्दल. स्ट्रिपवरचं, म्हणजे लघवीत बुडवून रंग बघायच्या पट्टीवरचं, २+ हे ढोबळ असतं. दिवसभर पाणी कमी प्यायलेलं असलं, लघवी दाट असली, तर स्ट्रिपचा रंग गडद येतो. भरपूर पाणी पिऊन नमुना दिला तर तेवढंच प्रोटीन फिकट दिसतं. म्हणून रेशो करतात, त्यात दाट-पातळचा हिशेब आपोआप होतो. रेशो १.४ म्हणजे दिवसाला अंदाजे १.४ ग्रॅम प्रोटीन जातंय. निरोगी माणसाचं दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या आत असतं, बऱ्याच लॅब रिपोर्टवर ०.२ च्या खाली अशी मर्यादा छापतात. काही लॅब हाच आकडा १४०० असा मिलिग्रॅममध्ये देतात, तो बघून घाबरू नका, गोष्ट एकच. आणि ‘मायक्रोअल्ब्युमिन’ नावाची तपासणी वेगळी असते, ती फक्त अल्ब्युमिन हे एकच प्रोटीन मोजते. दोन्हींचे आकडे एकमेकांशी ताडून ‘कमी झालं, वाढलं’ असं म्हणता येत नाही. पुढच्या वेळेपासून एकच तपासणी, एकाच लॅबमध्ये, सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. आदल्या दिवशी ताप, अंगमेहनत किंवा लघवीला जळजळ असेल तर तसं सांगा, कारण या तिन्हींत प्रोटीन तात्पुरतं वाढतं. जंतुसंसर्ग बघायला लघवीचं कल्चर झालं नसेल तर तेही करून घ्या. पण दोनदा आलंय आणि १.४ इतकं आलंय, म्हणजे ही आलीगेली गोष्ट नाही असं धरून चाला.

मग हे येतंय कुठून? पहिल्या काही आठवड्यांत असतं तर मी म्हटलं असतं, जुन्या किडन्या पोटात तशाच आहेत, त्यांतून येत असेल. चार वर्षांनंतर ते कारण लागू होत नाही. आता पाहायचं ते असं.

एक, जुना आजार परत येणं. त्यांच्या मूळ किडन्या कशाने गेल्या ते कधी नीट कळलं नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे तेव्हा बायोप्सी झाली नसावी. आपल्याकडे हे फार होतं. माणूस डॉक्टरकडे येतो तेव्हा किडन्या आकसून गेलेल्या असतात, बायोप्सीत धोका जास्त आणि हाती काही लागत नाही, मग कागदावर ‘बीपीमुळे’ लिहिलं जातं. पण बीपी हे अनेकदा किडनीच्या आजाराचं कारण नसून परिणाम असतो. अशा लोकांतल्या काहींना खरं म्हणजे आयजीए नेफ्रोपॅथी किंवा एफएसजीएस हा गाळण्यांचाच आजार असतो. आयजीए ट्रान्सप्लांटनंतर काही वर्षांनी हळूहळू डोकं वर काढतो. एफएसजीएस तर काही जणांत ऑपरेशननंतर तासा-दिवसांतही परततो, आणि तेव्हा प्रोटीन प्रचंड जातं. तुमच्या मिस्टरांचं चित्र त्या दुसऱ्या प्रकारात बसत नाही, पहिल्याची शक्यता मात्र धरायला हवी.

दुसरं, शरीराने किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार करणं. याबद्दल खाली वेगळं लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

बाकी कारणं भराभर सांगते. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारी रोजची गोळी) आणि स्टिरॉइडने काहींची साखर वाढते, त्यामुळे एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, बघायला हवं. बीपी काबूत नसेल तर प्रोटीन वाढतं. घरी मशीन घेऊन सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लिहून ठेवा, १३०/८० च्या खाली हवं. कुणाला त्याच कामाची सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस चालू असेल तर त्या गोळ्यांनीही प्रोटीन जातं.

यांतल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा. काही वेळा तर एकमेकांच्या विरुद्ध. रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवावी लागतात. बीके नावाच्या विषाणूने किडनीत ठाण मांडलं असेल तर तीच औषधं कमी करावी लागतात. अंदाजाने औषध चालू केलं आणि अंदाज चुकला तर किडनीचं नुकसान आपल्याच हाताने होतं. पाणी नेमकं कुठे मुरतंय हे सांगणारी तपासणी एकच, बायोप्सी. तिच्याबरोबर डॉक्टर रक्तातली डीएसए म्हणजे देणाऱ्याविरुद्धची अँटिबॉडी, टॅक्रोलिमसची लेव्हल म्हणजे रक्तातलं प्रमाण, बीके विषाणू शोधणारी पीसीआर आणि डॉपलर सोनोग्राफी करून घेतील.

सुईच्या भीतीबद्दल. ट्रान्सप्लांटची किडनी पाठीत नसते, ती ओटीपोटात एका बाजूला, बहुधा उजवीकडे, कातडी आणि स्नायूंच्या लगेच खाली बसवलेली असते. हाताला लागते इतकी वर. त्यामुळे तिची बायोप्सी मूळ किडनीच्या बायोप्सीपेक्षा सोपी. माणूस पाठीवर उताणा झोपतो, जागा बधिर करतात, सोनोग्राफीवर बघत बघत सुई घालतात. खटकन आवाज येतो, त्या आवाजानेच लोक दचकतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. निघतो तो तुकडा शेवईच्या काडीएवढा, साधारण दीड सेंटिमीटर लांब. असे एक-दोन घेतात. दहा लाख गाळण्यांपैकी त्यात जातात त्या काही डझन. ‘बायोप्सी केली आणि किडनी गेली’ असं जे ऐकायला येतं, त्यात बहुतेक वेळा किडनी आधीच जात होती म्हणून बायोप्सी केलेली असते.

धोका आहेच. काहींना एखाददुसरा दिवस लघवी लालसर होते आणि आपोआप थांबते. रक्त द्यावं लागेल किंवा पुढची काही प्रक्रिया करावी लागेल असा मोठा रक्तस्राव शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. तो टाळण्यासाठी बीपी काबूत हवं, आणि ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे आधी विचारायला हवं. बायोप्सीनंतर काही तास ते एक रात्र निरीक्षणाखाली ठेवतात. घरी आल्यावर आठवडाभर जड उचलायचं नाही आणि लोकलच्या गर्दीत पोटावर कोपर बसेल असा प्रवास करायचा नाही. ट्रान्सहार्बरची सकाळची गाडी मला माहीत आहे, त्यामुळे सरळ आठवड्याची रजाच टाका.

आता त्या उरलेल्या गोळ्या.

तुमच्या पत्रातली दोन वाक्यं तुम्ही वेगवेगळी लिहिली आहेत, मला ती एकत्र दिसतात. हात थरथरतात आणि गोळ्या उरतात. हाताची थरथर हा टॅक्रोलिमसचा अगदी ओळखीचा दुष्परिणाम आहे. डोस घेतल्यावर दोन-तीन तासांत रक्तातलं प्रमाण सर्वांत वर जातं, तेव्हा ती जास्त जाणवते. ज्याचं कामच मिलिमीटरचे अंश मोजायचं आहे, चार लोकांसमोर व्हर्नियरचा जबडा मोजायच्या भागावर टेकवायचा आहे, त्याला त्या थरथरीची किती लाज वाटत असेल याची कल्पना मी करू शकते. कामावर जायच्या आधीचा डोस काही दिवस गाळला की हात स्थिर राहतो, हे त्यांच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या मनातलं मी ठामपणे सांगू शकत नाही. पण महिन्याला दहा-बारा गोळ्या उरणं हे विसरण्यापेक्षा जास्त आहे. कदाचित तुम्हाला दिसलेल्या गोळ्या जुन्या खरेदीतल्या असतील, तीही शक्यता धरा. विचारल्याशिवाय कळणार नाही.

डोस सुटला की काय होतं ते सांगते. टॅक्रोलिमसचं प्रमाण खाली गेलं की शरीराला तुमची किडनी ‘परकी’ म्हणून ओळखायची संधी मिळते. एका डोसाने बहुधा काही होत नाही. पण महिनोन्‌महिने असं वर-खाली होत राहिलं की अँटिबॉडी तयार होतात आणि त्या थेट गाळण्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतात. याला क्रॉनिक अँटिबॉडी मीडिएटेड रिजेक्शन म्हणतात. ताप नाही, दुखणं नाही, लघवी नेहमीसारखी होते. पहिली खूण पुष्कळदा हीच असते, लघवीतलं प्रोटीन. आणि मी काही लपवणार नाही, हा प्रकार पुरता जिरवणारं खात्रीचं औषध आज आपल्याकडे नाही. लवकर सापडला तर त्याचा वेग कमी करता येतो, वर्षं वाढवता येतात. म्हणून मी घाई करते आहे.

डॉक्टरांपासून हे लपवलं तर आणखी एक गुंता होतो. पुष्कळ पेशंट तपासणी जवळ आली की आठ दिवस काटेकोर गोळ्या घेतात, लेव्हल छान येते, डॉक्टर समाधानाने पुढची तारीख देतात. किंवा उलट, डोस सुटल्यामुळे लेव्हल कमी येते आणि डॉक्टरांना वाटतं गोळी पुरत नाही, म्हणून ते डोस वाढवतात. वाढलेल्या डोसने हात आणखी थरथरतात आणि आणखी डोस सुटतात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच आहे.

तुम्ही काय करायचं? पाकिटं मोजून त्यांच्यासमोर ठेवू नका. ज्या बायकोने किडनी दिली तिने हिशेब मांडला की माणूस आधीच्या ओझ्याखाली आणखी वाकतो आणि मग खरं कधीच बोलत नाही. थरथरीपासून सुरुवात करा. ‘हात थरथरतो तो गोळीमुळे, आणि त्यावर उपाय असतो असं वाचलं. डॉक्टरांना सांगूया का?’ एवढंच. उपाय खरोखर आहेत. लेव्हल बघून डोस थोडा खाली आणता येतो. दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी टॅक्रोलिमस मिळते, तिने काहींची थरथर कमी होते आणि शिफ्टवाल्यांना दोन वेळा सांभाळायची कटकटही वाचते. कंपनीत काही काळ मोजमापाऐवजी कागदपत्रांचं काम मिळतंय का हेही विचारता येईल. यातलं काहीही डॉक्टरांनी करायचं, घरी मनाने नाही. आणि डॉक्टरांच्या केबिनमध्ये त्यांना दहा मिनिटं एकटं बसू द्या. तुमच्यासमोर जे तोंडातून निघणार नाही ते तिथे निघेल.

पैशांची ओढाताण हे कारण असेल तर तेही तिथेच बोलायला सांगा. पुष्कळ पुरुष हे घरात बोलत नाहीत. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी करा, ईएसआयसीचं कार्ड असेल तर ते बरोबर न्या. स्वस्त कंपनीची टॅक्रोलिमस घ्यायला हरकत नाही, पण कंपनी बदलली की डॉक्टरांना कळवून काही दिवसांनी लेव्हल करायलाच हवी. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे’ म्हणून दुसरं पाकीट दिलं तर तसंच घेऊन घरी येऊ नका.

लेव्हलच्या दिवशी आणखी एक चूक हमखास होते. रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं असतं, रात्रीच्या डोसला सुमारे बारा तास झाल्यावर. लोक सवयीने गोळी घेऊन लॅबमध्ये जातात आणि आकडा खोटा वर येतो. गोळी पाकिटात घालून बरोबर न्या, रक्त दिल्यावर तिथेच घ्या. आणि एखादा डोस चुकलाच तर पुढच्या वेळी दोन एकत्र घ्यायचे नाहीत.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि डाळ परत चालू करा. त्यांचा तर्क मला कळतो, प्रोटीन जातंय म्हणजे प्रोटीन जास्त झालंय. पण लघवीत जातं ते ताटातलं वरण नसतं, ते रक्तातलं प्रोटीन असतं आणि ते इजा झालेल्या भिंतीतून पाझरतं. डाळ-अंडी बंद केल्याने भिंत बुजत नाही, माणूस मात्र खंगतो. ट्रान्सप्लांट झालेल्या, स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाच्या स्नायूंना तर प्रोटीन हवंच. उलट ‘जातंय ते भरून काढू’ म्हणून डबाबंद प्रोटीन पावडरही आणू नका. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८ ते १ ग्रॅम प्रोटीन साधारण योग्य. वरण, उसळ, दही, अंडं, मासे असं आपलं नेहमीचं जेवण घेतलं की ते मिळतं. नेमकं प्रमाण आहारतज्ज्ञ बघून सांगतील.

सासूबाईंना हात आखडता घ्यायचाच असेल तर मिठाबद्दल घेऊ दे. त्यांची मदत तिथे खरी लागणार आहे. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चमचा. मीठ जास्त असलं की बीपी वाढतं, प्रोटीन वाढतं आणि प्रोटीन कमी करणाऱ्या गोळ्यांचा परिणामही निम्म्यावर येतो. लोणचं, पापड, फरसाण, सुकट-बोंबील, शिफ्टवरून येताना स्टेशनबाहेर खाल्लेला वडापाव आणि त्यावरची तळलेली मिरची, या सगळ्यांत ते लपलेलं असतं. मात्र बाजारात ‘लो सोडियम’ म्हणून जे मीठ मिळतं ते आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि टॅक्रोलिमसने आधीच पोटॅशियम वाढण्याकडे कल असतो.

यावरूनच त्या टेल्मिसार्टनबद्दल. गोळी चांगली आहे, प्रोटीन कमी करण्यासाठी आम्ही ती आणि तिच्या जातीच्या गोळ्या देतोही. बायोप्सीनंतर बहुधा तुमच्या मिस्टरांनाही मिळेल. पण तिने पोटॅशियम वाढू शकतं, क्रिएटिनिन थोडं वर सरकू शकतं, म्हणून चालू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्त तपासावं लागतं. जुलाब-उलट्या झाल्या तर काही दिवस थांबवायची की कसं, हेही ठरवून घ्यावं लागतं. शिवाय आधीच मनाने चालू केली तर प्रोटीनचा आकडा खाली येईल आणि तुम्हा दोघांना वाटेल की प्रश्न सुटला. आतला आजार तसाच चालू राहील.

दिरांच्या काढ्याबाबत मी ठाम आहे : नको. त्यांनी मायेने पाठवला हे खरं. पण गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून लोक घेतात आणि तुमचे मिस्टर रोज सकाळ-संध्याकाळ प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेतात. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेही आहेत. भस्मं आणि रसौषधींत पारा असू शकतो. पाऱ्याने मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी नावाचा आजार होतो आणि त्यात लघवीतून हेच प्रोटीन जातं. गोरं करणाऱ्या काही क्रीममधल्या पाऱ्यानेही तसं झालेलं केरळच्या डॉक्टरांनी दाखवलं आहे. तेव्हा काढा, वटी, चूर्ण, क्रीम, जे काही गेल्या वर्षभरात पोटात गेलं किंवा अंगाला लागलं ते सगळं डॉक्टरांना सांगा, पिशवीत भरून घेऊन गेलात तरी चालेल. त्यात वेदनाशामक गोळ्याही आल्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांना या घरात थारा नको. ग्रेपफ्रूट आणि पपनसही नको, टॅक्रोलिमसची लेव्हल चढते.

बायोप्सीची तारीख मिळेपर्यंत सकाळी वजन आणि बीपी लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, पायावर किंवा डोळ्यांखाली सूज आली, लघवी कमी झाली, ताप आला, किडनीच्या जागी दुखायला लागलं, किंवा बीपी १६०/१०० च्या वर राहिलं तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करून जा. कुठलंही दुखणं अंगावर काढायचं नाही.

आणि ताई, तुमच्या पूर्ण पत्रात तुमच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल एक ओळ नाही. तुमची लघवी शेवटची कधी तपासली? किडनी दिलेल्या माणसाने दर वर्षी बीपी, क्रिएटिनिन, साखर आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघायचं असतं, जन्मभर. एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो, पण तिच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. सुरुवातीच्या एक-दोन भेटींनंतर देणारे यायचे बंद होतात, बायका तर हमखास, कारण ‘पेशंट ते आहेत, मी कुठे आजारी आहे’. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी तुम्हालाही चालत नाही, हेही कदाचित कुणी पुन्हा आठवण करून दिलं नसेल.

या आठवड्यात मिस्टर सकाळी रक्त-लघवी द्यायला जातील तेव्हा तुमचाही नमुना त्याच लॅबमध्ये द्या. बाटल्यांवर नावं नीट लिहा. बायोप्सीचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तोवर तुमचा रिपोर्ट हाती आलेला असेल. दोन्ही आले की मला लिहा. त्यांनी डॉक्टरांशी काय बोललं ते मात्र मला कळवायची गरज नाही, ते त्यांचं आणि डॉक्टरांचं राहू दे.